आपल्याला ओळखणारी, पण स्वतः अनोळखी राहणारी जाहिरात

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका भगिनीने मला थांबविले. "फादर, मोबाइल आपले बोलणे ऐकतो का हो?" त्यांचा प्रश्न गंमतीचा नव्हता. त्यांच्या सासूबाईंना गुडघेदुखीचा जुना त्रास आहे. दोन दिवसांपूर्वी रात्री सर्व झोपल्यावर त्यांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती खर्च येतो, हे मोबाइलवर शोधले होते. सकाळी बातम्या वाचायला घेतल्या तर बाजूला गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. दुपारी पाककृतीचा व्हिडिओ लावला तर एका इस्पितळाची जाहिरात. आणि दुसऱ्या दिवशी, "उपचारांसाठी तत्काळ कर्ज". त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, घरात पैशांची ओढाताण आहे, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नाही. मग ह्यांना कसे कळले?"

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यात आपल्या आजारपणाचा, आपल्या कर्जाचा, आपल्या मुलांचा आणि आपल्या श्रद्धेचाही संबंध येतो.

वाण्याची वही आणि महाजालाची वही

जाहिरात ही काही नवी गोष्ट नाही, आणि गिऱ्हाइकाची माहिती ठेवणे हेही नवे नाही. पूर्वी गावातील वाण्याला प्रत्येक घराची खबर असे. कोणाकडे लग्न निघाले आहे, कोणाकडे आजारपण आहे, कोणाची उधारी थकली आहे, हे त्याला ठाऊक असे आणि त्याप्रमाणे तो माल सुचवीत असे. परंतु ही ओळख दुहेरी होती. तो आपल्याला ओळखत होता, तसे आपणही त्याला, त्याच्या वडिलांना आणि त्याच्या तराजूला ओळखत होतो. त्याची वही गल्ल्यावर असे. एखादी नोंद चुकीची वाटली, तर "उघडून दाखव" असे म्हणता येई. आपली उधारी त्याने चारचौघांत बोलून दाखविली, तर त्याला जाब विचारता येई.

महाजालावरील लक्ष्यित जाहिरातीत, म्हणजे प्रत्येक व्यक्तीची माहिती पाहून तिला वेगळी दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातीत, ही दुहेरी ओळख तुटते. तेथेही वही आहे. किंबहुना ती वाण्याच्या वहीपेक्षा कितीतरी जाड आहे. पण ती कोणाच्या हाती आहे, तीत काय लिहिले आहे आणि तिच्या किती प्रती निघाल्या आहेत, हे ज्याच्याविषयी लिहिले आहे त्यालाच ठाऊक नसते.

एका चिठ्ठीची गोष्ट

ही वही कशी भरते ते पाहू. १९९४ साली नेटस्केप ह्या कंपनीतील लू माँटुली ह्या अभियंत्याने 'कुकी' नावाची युक्ती शोधून काढली. त्या काळी संकेतस्थळाला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही त्याच्या लेखी नवे पाहुणे. त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या वेळी ती वाचून त्याला ओळखावे, असे ठरले. खरेदीच्या टोपलीत घातलेली वस्तू टोपलीतच राहावी, इतका साधा तिचा हेतू होता. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी 'हॉटवायर्ड' ह्या अमेरिकन संकेतस्थळावर पहिल्या पट्टीजाहिराती झळकल्या.

पुढे ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या. आपण जे एक पान म्हणून पाहतो, ते प्रत्यक्षात अनेक ठिकाणांहून आलेल्या तुकड्यांचे बनलेले असते. बातमी वर्तमानपत्राची, पण बाजूची जाहिरात तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि येताना स्वतःची चिठ्ठी ठेवून जाते. अशा कंपनीचे तुकडे हजारो संकेतस्थळांवर असतात. मग आरोग्याच्या पानावर, बातमीच्या पानावर आणि पाककृतीच्या पानावर एकच व्यक्ती येऊन गेली, हे तिला कळते. मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये हेच काम जाहिरात-ओळख क्रमांक करतो. अँड्रॉइड असो वा आयफोन, जाहिरातदारांसाठी फोनला असा एक क्रमांक दिलेला असतो.

ह्या परक्या चिठ्ठ्यांविरुद्ध ओरड झाल्यावर फायरफॉक्स ह्या ब्राउझरने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या चिठ्ठ्या, आणि सफारीने २०२० मध्ये सर्वच परक्या चिठ्ठ्या, आपणहून अडविण्यास सुरुवात केली. गूगलनेही आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या दोन वर्षांत काढून टाकू, असे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. ती मुदत वारंवार पुढे ढकलण्यात आली आणि एप्रिल २०२५ पर्यंत तो बेतच सोडून देण्यात आला.

मोबाइल आपले बोलणे ऐकतो काय, ह्याचे उत्तरही येथेच द्यायला हवे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप आवाज टिपून पाठविल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. काही अ‍ॅप मात्र पडद्यावरील हालचालींचे चित्रण बाहेर पाठवीत होती. खरे तर बोलणे ऐकण्याची सहसा गरजच पडत नाही. त्या भगिनीने "शस्त्रक्रिया" आणि "खर्च" हे दोन शब्द एकत्र शोधले होते. त्यात फोनची किंमत, राहण्याचा परिसर आणि रात्रीची वेळ मिळविली, की अंदाज बांधायला कितीसा वेळ लागणार? पैशांची ओढाताण कोणी ऐकलेली नसावी. ती ताडलेली असावी. आणि ताडलेले चुकले, तरी त्याचा भुर्दंड ताडणाऱ्याला फारसा पडत नाही.

आवाज नसलेला लिलाव

बंदरावरील मासळीचा लिलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. पाट्या समोर असतात, बोली मोठ्याने लागते, कोणी काय भावाने घेतले हे सर्वांना दिसते. महाजालावरही असाच एक लिलाव अहोरात्र चालतो. मात्र त्याला आवाज नाही, आणि पाटीत मासळीऐवजी वाचकाचे लक्ष असते.

आपण एखादे पान उघडले, की त्यावरील रिकाम्या जागेसाठी शेकडो मैल दूर असलेल्या यंत्रांकडे निरोप जातो. त्या निरोपात वाचक कोणत्या शहरात आहे, कोणता फोन वापरतो, काय वाचीत आहे, त्याचा ओळख क्रमांक काय, अशा गोष्टी असू शकतात. ती यंत्रे बोली लावतात, सर्वांत मोठी बोली जिंकते आणि तिची जाहिरात आपल्यापुढे येते. हे सारे साधारणतः एका सेकंदाच्या दहाव्या भागात उरकते. पान उघडायला जो किंचित उशीर लागतो, तेवढ्यात आपल्यावर बोली लागून गेलेली असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मासळीच्या लिलावात जो हरतो, तो रिकाम्या हाताने घरी जातो. ह्या लिलावात मात्र हरणाऱ्यालाही तो निरोप मिळालेला असतो. त्याने ती माहिती साठवू नये, असे नियम असतात. पण ते पाळले जातात की नाही, हे वाचकाला बाहेरून तपासता येत नाही.

"त्यात नाव नसते"

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: माहितीत नाव नसते, फक्त क्रमांक असतो. ते पुरेसे आहे काय? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या निनावी नोंदी तपासण्यात आल्या. एखादी व्यक्ती कोणत्या वेळी साधारण कोठे होती, अशा केवळ चार नोंदी मिळाल्या, तर ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात, असे त्यात दिसून आले. विचार केला तर ह्यात नवल नाही. रात्री अमुक घरी, दिवसा अमुक शाळेत आणि रविवारी सकाळी अमुक चर्चमध्ये असणारी व्यक्ती गावात एकच असते. मग नावाची गरज काय?

हा केवळ तर्क नाही. २०२० मध्ये असे उघडकीस आले, की मुस्लिम बांधवांना नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय अ‍ॅपमधील ठावठिकाण्याची माहिती 'एक्स-मोड' ह्या अमेरिकन कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकन लष्कराचे कंत्राटदार होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीच्या वारसदार कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळे यांसारख्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ह्याची झळ लागली आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका ज्येष्ठ धर्मगुरूंना आपले पद सोडावे लागले. एका कॅथलिक वृत्तसंस्थेने बाजारात विकत मिळणारी मोबाइल अ‍ॅपची निनावी माहिती मिळवून, एक विशिष्ट फोन त्यांच्या कार्यालयात आणि निवासस्थानी असतो, ह्यावरून तो त्यांचाच असल्याचे ठरविले होते. त्या प्रकरणात कोणाचे काय चुकले, ह्याचा न्याय येथे करावयाचा नाही. जी माहिती जाहिरातींच्या नावाने जमा झाली, ती एका माणसावर पाळत ठेवण्यासाठी कोणालाही विकत घेता आली, एवढे त्यातून ध्यानी घ्यावे. आज ती एका धर्मगुरूविषयी घेता येते. उद्या ती एखाद्या कामगार पुढाऱ्याविषयी, पत्रकाराविषयी किंवा नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीविषयी घेता येईल.

एकाच्या होकाराने किती जण उघडे पडतात, हेही एका प्रसंगाने दाखवून दिले. केंब्रिज अ‍ॅनालिटिका ह्या कंपनीकडे फेसबुकवरील कोट्यवधी लोकांची माहिती गेल्याचे मार्च २०१८ मध्ये उघड झाले. मतदारांना हेरून राजकीय जाहिराती दाखविणे हा त्या कंपनीचा व्यवसाय होता. माहिती गोळा करणारी प्रश्नावली भारतात केवळ ३३५ जणांनी उघडली होती. परंतु त्यांच्या मित्रमंडळींसह सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती त्यात सापडली असण्याची शक्यता आहे, असे फेसबुकनेच सांगितले.

पारदर्शकता कशाला म्हणावे?

पारदर्शकता हा शब्द अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. जाहिरातीच्या बाबतीत त्याचा अर्थ तीन प्रश्नांत सांगता येईल. ही जाहिरात मला कोणी दाखविली आणि पैसे कोणी दिले? माझ्याविषयीच्या कोणत्या माहितीवरून दाखविली? आणि ती माहिती पुढे कोणाकोणाकडे गेली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी मिळते. फेसबुक आणि गूगल ह्या दोन्ही कंपन्यांनी जाहिरातींची सार्वजनिक संग्रहालये उघडली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट मिळते. जाहिरातीच्या कोपऱ्यातील खुणेवर बोट ठेवले, की "ही जाहिरात का दिसते" ह्याचे स्पष्टीकरण येते. पण ते बहुधा वय, शहर, आवड असे मोघम असते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सामान्य वाचकाला जवळजवळ मिळतच नाही.

युरोपमध्ये हे प्रश्न कायद्याने विचारले गेले. तेथील माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला पाच कोटी युरोंचा दंड केला. माहिती मुळीच दिली नव्हती, असा आरोप नव्हता. ती इतक्या पानांत विखुरली होती, की शोधायला कधीकधी पाच-सहा पायऱ्या ओलांडाव्या लागत; शिवाय वैयक्तिक जाहिरातींच्या चौकटीत होकाराची खूण आधीच करून ठेवलेली होती. जानेवारी २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने फेसबुक व इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला एकूण ३९ कोटी युरोंचा दंड केला. वापराच्या अटी मान्य केल्या, म्हणजे वैयक्तिक जाहिरातींचा करारही आपोआप झाला, हा कंपनीचा युक्तिवाद मान्य झाला नाही.

ह्या दोन्ही निर्णयांचे सार आपल्या व्यवहारातील आहे. ज्या कागदावर सही घ्यावयाची, तो समोरच्याला वाचता आला पाहिजे आणि "नाही" म्हणण्याची वाट त्याला मोकळी असली पाहिजे. नाहीतर सही असूनही संमती नसते.

आपला कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला.

ह्या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात. पहिली, संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी. दुसरी, संमतीच्या आधारे आपली कोणती माहिती ठेवली आहे आणि ती कोणाकोणाला दिली आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे बळ आहे. तिसरी, अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविणे ह्याला, काही अपवाद वगळता, मनाई आहे; ती मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौथी गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते. त्यात मराठी आहे आणि कोंकणीही आहे. आजीला न समजणाऱ्या भाषेत आजीची संमती घेतली जाऊ नये, एवढे साधे हे तत्त्व आहे.

आपण काय करू शकतो?

१९९७ साली व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने जाहिरातींच्या नीतिमत्तेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. सत्यता, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे त्यात मांडली आहेत. त्या वेळी गूगल कंपनी स्थापनही झालेली नव्हती. तरीही ही तिन्ही तत्त्वे आजच्या प्रश्नाला लागू पडतात. जाहिरात खरी असूनही मानवी प्रतिष्ठेला धक्का देणारी असू शकते. कर्जाची जाहिरात खोटी नसेल. पण चिंतेने जागणाऱ्या सुनेला तिच्या नाजूक क्षणी हेरून ती दाखविली जाते, तेव्हा माणसाच्या गरजेचे सावज होते.

घरी करण्यासारख्या काही गोष्टी सोप्या आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये खासगीपणाच्या किंवा गूगलच्या विभागात जाहिरातींचा पर्याय असतो. तेथे जाहिरात-ओळख क्रमांक पुसून टाकता येतो. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून, इतर ठिकाणी आपला माग काढावयाचा असल्यास अ‍ॅपला आधी परवानगी विचारावी लागते. ती नाकारली तरी अ‍ॅप चालते. गूगलच्या खात्यात वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात, आणि आरोग्य वा कर्ज अशा विषयांचा शोध घेण्यापूर्वी त्या बंद आहेत ना, हे पाहून घ्यावे. विजेरीच्या किंवा दिनदर्शिकेच्या अ‍ॅपने आपला ठावठिकाणा मागितला, तर तो कशासाठी हवा, हा प्रश्न विचारावा. प्रार्थनेचे अ‍ॅपही ह्या प्रश्नातून सुटता कामा नये. ह्या उपायांनी जाहिराती थांबणार नाहीत, पण वहीतील पाने कमी भरतील. मुलांच्या फोनवर हे सारे आईवडिलांनी स्वतः बसून करावे आणि का करीत आहोत, हेही मुलांना सांगावे.

एक जबाबदारी आपल्या संस्थांचीही आहे. धर्मग्राम, शाळा, पतपेढी, महिला मंडळ अशा अनेकांची संकेतस्थळे आज आहेत आणि त्यांवर फेसबुकचे बटण किंवा बाहेरचा व्हिडिओ हौसेने लावलेला असतो. असा तुकडा लावला, की पान पाहणाऱ्याची माहिती त्या कंपनीकडे जाऊ शकते, मग पाहणाऱ्याने बटण दाबो वा न दाबो. जुलै २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने, असे बटण लावणारे संकेतस्थळही माहिती गोळा करण्यास जबाबदार आहे, असा निर्णय दिला. ज्यांनी विश्वासाने आपल्या दारात पाऊल ठेवले, त्यांची खबर आपण नकळत तिसऱ्याला देत नाही ना, हे आपणही तपासावे. दुसऱ्याकडे पारदर्शकता मागण्याचा अधिकार त्यानेच येतो.

त्या भगिनीला मी त्या दिवशी एवढेच सांगितले, की तुमचे बोलणे कोणी ऐकलेले नसावे. तुमची काळजी कोणीतरी मोजली, आणि ती मोजल्याचे तुम्हाला सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या फोनमधील तो क्रमांक पुसून टाकला. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितले, की सासूबाईंच्या शस्त्रक्रियेविषयी त्या अखेर बहिणीशी बोलल्या. मला वाटते, घरातील अडचण पहिल्यांदा कोणाला कळावी, हे ठरविण्याचा अधिकार ज्याची अडचण आहे त्याचाच असतो. खासगीपणा ह्या जड शब्दाचा अर्थ शेवटी एवढाच आहे.